‘वरून फंड आला की सोडतो’: थकलेलं बिल वसूल करताना

पहिलं बिल १२ डिसेंबर २०२३ चं. त्या ऑर्डरचा शेवटचा हप्ता खात्यात आला ३ ऑक्टोबर २०२५ ला, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. मधल्या बावीस महिन्यांत काय काय करावं लागलं ते तारखांसकट लिहून ठेवतोय. थकलेल्या बिलासाठी कायदा आहे हे बहुतेक कारखानदारांना माहीत असतं. पण अर्जासोबत नेमके कोणते कागद लागतात आणि पाय कुठे अडकतो, हे सांगणारं कुणी भेटत नाही.

आमचं छोटं फॅब्रिकेशन युनिट कुपवाड एमआयडीसीत आहे. पाणीयोजनांच्या पाइपलाइनला लागणारे एमएस स्पेशल्स, म्हणजे साध्या पोलादाचे जोडभाग, आम्ही बनवतो: बेंड, टी, टेपर, फ्लँज, टाकीच्या भिंतीत बसणारे पडल कॉलर. खरेदीदार पुण्याची एक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, जलजीवन मिशनच्या गावोगावच्या कामांची कंत्राटदार. पर्चेस ऑर्डर (पीओ) २० नोव्हेंबर २०२३ ची. माल तीन खेपांत गेला: १२ डिसेंबरला २,३६,००० रुपयांचा, ८ जानेवारी २०२४ ला ३,५४,००० चा आणि २ फेब्रुवारीला २,९५,००० चा. एकूण ८,८५,०००, त्यात १८ टक्के जीएसटीचे १,३५,०००.

पैसे का अडकले ते सरळ होतं, आणि कंत्राटदार अगदीच खोटं बोलत होता असंही नाही. या मिशनमध्ये आपल्या राज्यासाठी केंद्र आणि राज्य निम्मा-निम्मा वाटा उचलतात. काम झालं की मोजमाप पुस्तिकेत नोंद, मग तेवढ्या कामाचं रनिंग बिल, मग जिल्हा परिषद किंवा जीवन प्राधिकरण, आणि त्याच्यावर निधीची वाट. मूळ मुदत २०२४ ची होती. ती २०२८ पर्यंत वाढवल्याचं केंद्राच्या फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात सांगितलं गेलं. मधल्या काळात वरचा नळ बारीक झाला आणि सगळ्यात खालच्या टोकाला आमच्यासारखे उरले. फोन केला की ठरलेलं उत्तर: “वरून फंड आला की लगेच सोडतो, साहेब.”

आपल्याकडे मात्र कुणी थांबत नाही. बिल फाडलं की जीएसटी देय होतो, मग पैसे येवोत न येवोत. स्टील घेताना भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट वजा जाता उरलेला कर आम्ही खिशातून भरला. पुढेमागे ही रक्कम बुडाली असती, तरी बुडीत कर्जावरचा जीएसटी परत मिळायची सोय आपल्या कायद्यात नाही. दुसरा फटका बँकेचा. कॅश क्रेडिटला (सीसी, म्हणजे माल आणि येण्यांवर मिळणारं खेळतं कर्ज) दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट द्यावं लागतं आणि आमची बँक ९० दिवसांपेक्षा जुनी येणी ड्रॉइंग पॉवरमध्ये, म्हणजे उचलीच्या मर्यादेत, धरत नाही. म्हणजे बिल थकलं की घेणं कागदावर तसंच राहतं, पण त्याच्यावर उचलता येणारी रक्कम कमी होते, आणि तीही नेमकी स्टीलवाला रोखीवर अडून बसतो तेव्हाच. मे २०२४ मध्ये दोन नव्या ऑर्डरी याच कारणाने सोडाव्या लागल्या.

कायदा २००६ चा, सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम. त्यातली कलमं १५ ते २४ थकबाकीची. लेखी करार असेल तर ठरलेल्या तारखेपर्यंत पैसे द्यायचे, पण माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या पुढे ती तारीख नेता येत नाही. मुदत ठरलीच नसेल तर १५ दिवस. आमच्या पीओवर ‘६० दिवस, तसेच शासनाकडून देयक प्राप्त झाल्यानंतर’ असं छापलेलं होतं आणि आम्ही सही करून ते मान्यही केलं होतं. ऑर्डर हवी असते तेव्हा मागच्या पानावरच्या अटी कोण वाचतो! नंतर कळलं की ६० ला ४५ ची कात्री लागतेच, आणि ‘सरकारने दिले की देऊ’ ही अट त्या ४५ दिवसांना थांबवू शकत नाही, कारण कलम २४ नुसार ही तरतूद वरचढ आहे. आमच्या तिन्ही बिलांची मुदत २६ जानेवारी, २२ फेब्रुवारी आणि १८ मार्च २०२४ ला संपली.

उशिराचं व्याज रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढीने. तेव्हा बँक रेट ६.७५ टक्के होता, म्हणजे व्याज २०.२५ टक्के. एक लाख रुपये वर्षभर थकले तर सुमारे १ लाख २२ हजार २०० होतात.

हे सगळं मिळतं ते उद्यम नोंदणी (केंद्राच्या पोर्टलवरची लहान उद्योगांची नोंदणी) असलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादक किंवा सेवा देणाऱ्याला. मध्यम उद्योगाला नाही. नुसत्या व्यापाऱ्याची उद्यम नोंदणी २०२१ पासून होते, पण ती बँकेच्या प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरती. थकबाकीसाठी ती चालत नाही. नोंदणी मोफत आहे, आधार आणि ओटीपीवर होते, एजंटला पैसे देऊ नका. ती पीओच्या आधीची असावी, कारण नंतर केलेल्या नोंदणीवर मागच्या बिलांचा फायदा मिळतो का यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद गेलेले आहेत. आमची २०२० ची होती, सुटलो. पण सर्टिफिकेटवर एनआयसी कोड, म्हणजे व्यवसायाचा प्रकार दाखवणारा आकडा, जुन्या दुरुस्ती-कामाचा होता, उत्पादनाचा नव्हता. तो अर्ज करण्याआधी दुरुस्त करून घेतला.

आणखी एक खाच. माल पुरवणं आणि साइटवर बसवून देणं एकाच ऑर्डरमध्ये असेल, तर समोरचा ‘हे वर्क्स काँट्रॅक्ट आहे, हा कायदा लागूच नाही’ असा मुद्दा काढतो, आणि मुंबई उच्च न्यायालयाने तो मान्य केल्याची उदाहरणं आहेत. आमची ऑर्डर नुसत्या पुरवठ्याची होती. फिटिंग द्यायचंच असेल तर त्याची वेगळी ऑर्डर आणि वेगळं बिल करा.

एप्रिल २०२४ मध्ये चमत्कार झाला. चार महिने फोन न उचलणाऱ्या अकाउंट्स विभागाने आपणहून मेल केला: उद्यम सर्टिफिकेट पाठवा आणि ३१ मार्चची शिल्लक कन्फर्म करा. कारण आयकराचं कलम ४३बी(एच). आर्थिक वर्ष २०२३–२४ पासून सूक्ष्म-लघु पुरवठादाराचे पैसे वर सांगितलेल्या १५ किंवा ४५ दिवसांच्या मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही. ज्या वर्षी पैसे देतील त्या वर्षी मिळतो. काही कंपन्यांनी त्या काळात पुरवठादारांना उद्यम नोंदणी रद्द करायला सांगितलं. तसं कुणी सांगितलं तर ऐकू नका. आम्ही सर्टिफिकेट पाठवलं, शिल्लक ८,८५,००० असल्याचं कळवलं, त्यांनी ‘कन्फर्म्ड’ असं उत्तर दिलं आणि १० एप्रिलला एक लाख ‘ऑन अकाउंट’ सोडले. उरले ७,८५,०००. तो एका शब्दाचा मेल पुढे सगळ्यात जास्त कामाला आला.

जूनमध्ये वकिलाकडून नोटीस पाठवली. कायद्याने ती सक्तीची नाही, पण तिच्यामुळे समोरच्याचा बचाव आधीच उघडा पडतो. जुलैत उत्तर आलं: तिसऱ्या खेपेत १८० किलो वजन कमी, म्हणून १६,५६० रुपये कापणार. दर किलोला ९२ रुपये होता. त्यांनी ड्रॉइंगवरून हिशेब केला होता. ६ मिमी पत्र्याचा एक चौरस मीटर ४७.१ किलो, हे बरोबर. पण पाइपच्या अंगाचंच वजन धरलं होतं, पडल कॉलर धरलेच नव्हते. आमचं बिल वजनकाट्याप्रमाणे. पीओवर मात्र ‘वजन कोणतं, काट्याचं की ड्रॉइंगचं’ हे लिहिलेलं नव्हतं, आणि ती चूक आमची.

इथे कायद्यातली १५ दिवसांची तरतूद वाचवते. माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर पोचला त्या दिवशीच तो स्वीकारला असं धरलं जातं. आमच्याकडे साइट इंजिनिअरची सही-शिक्क्याची चलन कॉपी होती आणि हरकत आली होती पाच महिन्यांनी. पहिल्या खेपेच्या चलनावर मात्र नुसतीच एक रेघोटी होती, ना नाव ना शिक्का. ती भरून काढायला ई-वे बिल, ट्रान्सपोर्टची बिल्टी, काट्याची पावती आणि थर्ड पार्टी तपासणीचा रिपोर्ट असे चार कागद जोडावे लागले. शिवाय ते बिल त्यांच्या जीएसटीच्या २बी मध्ये, म्हणजे खरेदीवरच्या क्रेडिटच्या पत्रकात, दिसत होतं. माल मिळाला नाही म्हणायचं आणि त्यावरचं इनपुट क्रेडिट घ्यायचं, या दोन्ही गोष्टी एकदम जमत नाहीत. तसंही १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर घेतलेलं क्रेडिट व्याजासह उलटवावं लागतं. तेही नोटिशीत लिहिलं होतं. कंपनी असेल तर ४५ दिवसांवरची सूक्ष्म-लघु उद्योगांची देणी दर सहामाहीला ‘एमएसएमई फॉर्म १’ मध्ये कंपनी निबंधकाला कळवायची असतात, हा आणखी एक चिमटा.

२१ ऑगस्ट २०२४ ला थकलेल्या बिलांच्या तक्रारींसाठी असलेल्या केंद्राच्या समाधान पोर्टलवर अर्ज भरला. हे पोर्टल २०१७ पासून आहे आणि अर्जाला शुल्क नाही. उद्यम क्रमांक टाकला की नोंदणीतल्या मोबाइलवर ओटीपी येतो. तो नंबर बंद पडलेला नाही ना, आधी बघा. मग खरेदीदाराची माहिती, पीओ, बिलं, रक्कम. अर्ज जातो आपल्या विभागाच्या सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेकडे, आमच्या बाबतीत पुण्याला. यातली सगळ्यात सोयीची गोष्ट अशी की अधिकारक्षेत्र पुरवठादाराच्या पत्त्यावर ठरतं. खरेदीदार दिल्लीचा असला तरी त्यालाच आपल्या विभागाच्या परिषदेपुढे यावं लागतं. पीओवर ‘सर्व वाद अमुक शहराच्या न्यायकक्षेत’ असं छापलेलं असलं तरीही.

आमची चूक इथे झाली. पीओवर साइट ऑफिसचा पत्ता आणि मेल होता, तोच भरला. पहिली नोटीस अशा ऑफिसला गेली जे गावातलं काम संपल्यावर बंद झालं होतं. यात जवळजवळ दोन महिने गेले. कंपनीचा नोंदणीकृत पत्ता आणि सीआयएन (नोंदणी क्रमांक) कंपनी मंत्रालयाच्या साइटवर ‘मास्टर डेटा’त सापडतो. तोच भरा, आणि साइटचा पत्ता जादा म्हणून द्या.

व्याजाच्या तक्त्यातही आम्ही चुकलो होतो. आमच्या माणसाने रेपो दराच्या तिप्पट, १९.५ टक्के धरले होते. रेपो तेव्हा ६.५० होता आणि बँक रेट ६.७५. अर्जाच्या तारखेपर्यंतच सुमारे तीन हजारांचा फरक पडत होता. सीएने दुरुस्त केलेल्या तक्त्यात त्या तारखेपर्यंतचं व्याज सुमारे ८४ हजार निघालं. एक्सेलमध्ये प्रत्येक बिलाला वेगळी शीट ठेवा, ४६ व्या दिवसापासून सुरुवात करा, आणि बँक रेट बदलला की तिथे ओळ तोडा. पुढे तो ७ फेब्रुवारी, ९ एप्रिल आणि ६ जून २०२५ ला खाली आला, तेव्हा याच मांडणीमुळे नवा तक्ता अर्ध्या तासात झाला.

मग वाट. परिषदेने ९० दिवसांत निकाल द्यावा असं कायदा म्हणतो. आम्हाला सलोख्याच्या पहिल्या बैठकीची नोटीसच जानेवारी २०२५ मध्ये मिळाली. परिषदेत तीन ते पाच सदस्य असतात, उद्योग खात्याचा वरिष्ठ अधिकारी अध्यक्ष, आणि एका दिवसात ढीगभर प्रकरणं. रागावून उपयोग नसतो. दर महिन्याला पोर्टलवरची स्थिती बघायची आणि तारखेनिशी एक नम्र स्मरणपत्र पाठवायचं, एवढंच हातात राहतं.

१३ फेब्रुवारी २०२५ च्या बैठकीला समोरचं कुणी आलं नाही. १७ एप्रिलला त्यांचा पर्चेस मॅनेजर आला, पण अधिकारपत्राशिवाय. त्याला सही करता येईना. आमच्या शेजारी एक बाई बसल्या होत्या, मसाल्याच्या पॅकिंग मशीनचे सुटे भाग करणाऱ्या. त्यांची ती सहावी तारीख. त्यांनी त्यांची फाइल दाखवली: पहिल्याच पानावर बिल नंबर, तारीख, रक्कम, चलनाचं पान, व्याज, एवढा एकच तक्ता. पुढच्या वेळी आम्ही तसाच केला. परिषदेपुढे मिळतात मोजकी मिनिटं आणि सदस्य ते पहिलं पान वाचतात. तिन्ही वेळा वकील न घेता गेलो आणि अडलं नाही. पण मूळ पीओ, मूळ चलनं आणि तीन संच झेरॉक्स जवळ हवेतच.

१९ जून २०२५. पालख्या दुसऱ्या दिवशी पुण्यात येणार, म्हणून पहाटे चारलाच निघालो. या वेळी त्यांचे एक संचालक स्वतः आले होते. तोवर व्याज दोन लाख ३५ हजारांच्या वर गेलं होतं. त्यांचा प्रस्ताव: मुद्दल पूर्ण, व्याज शून्य, सहा हप्ते.

नाही म्हणावंसं वाटत होतं. सलोखा फिसकटला की परिषद स्वतः लवाद म्हणून प्रकरण चालवते किंवा एखाद्या लवाद संस्थेकडे पाठवते, आणि कागद आमच्या बाजूने होते. निवाड्याला आव्हान द्यायचं तर खरेदीदाराला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते, हा कलम १९ चा मोठा आधार. पण निवाडा मिळायला आणखी किती महिने, मग लवाद कायद्याच्या कलम ३४ खालचं आव्हान, मग अंमलबजावणीसाठी पुन्हा कोर्ट. आणि ज्याचे स्वतःचेच पैसे वर अडकलेत त्याच्याकडून जप्त तरी काय होणार, हाही प्रश्न होता. बाहेर व्हरांड्यात बसून हिशेब केला. आज हातात आलेला पैसा सीसी खात्यात गेला तर ड्रॉइंग पॉवर मोकळी होते, स्टील रोखीने घेता येतं, ऑर्डरी घेता येतात. पूर्ण व्याजासाठी अजून दोन वर्षं थांबणं आम्हाला परवडणारं नव्हतं. मोठ्या युनिटने कदाचित वेगळं ठरवलं असतं.

त्यांनाही दोन गोष्टी सांगितल्या. या कायद्याखालचं व्याज त्यांना आयकरात खर्च म्हणून कधीच मिळणार नाही, म्हणजे ते जितकं वाढेल तितकं त्यांच्याच खिशातून जाणार. आणि मुद्दल याच वर्षी दिलं, तर अडकलेली वजावट याच वर्षी मिळेल. तासाभराने ठरलं: मुद्दल ७,८५,००० आणि व्याजापोटी ९०,०००, एकूण ८,७५,०००. ३० जूनला २,७५,००० आणि पुढे जुलै, ऑगस्ट, सप्टेंबरअखेर दोन-दोन लाख.

तडजोड बाहेर नुसत्या लेटरहेडवर करू नका, आणि पैसे हातात यायच्या आधी अर्ज मागे घेऊ नका. परिषदेपुढे सह्या झालेल्या सलोखा कराराला लवाद कायद्याच्या कलम ७३ आणि ७४ प्रमाणे निवाड्याचाच दर्जा मिळतो. मोडला तर थेट अंमलबजावणीला जाता येतं. आम्ही एक ओळ हट्टाने घालून घेतली: कुठलाही हप्ता १५ दिवसांपेक्षा जास्त थकला तर उरलेल्या रकमेसह २००६ च्या कायद्यातल्या कलम १६ चं (बँक रेटच्या तिप्पट) पूर्ण व्याज लागू. ऑगस्टचा हप्ता नऊ दिवस उशिरा आला. पंधराच्या आत मात्र आला.

एक ओळ घालायची राहिली आणि ती महागात पडली. उशिरा दिलेल्या पैशांवरचं व्याज जीएसटी कायद्यात पुरवठ्याच्या मूल्यातच धरतात, म्हणजे मिळालेल्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. करारात ‘अधिक जीएसटी’ असं लिहिलं नव्हतं, त्यामुळे ९०,००० ही करासहित रक्कम धरावी लागली. त्यातले १३,७२९ जीएसटीत गेले. उरलेल्या ७६,२७१ वर त्यांनी दहा टक्के टीडीएस धरला, ७,६२७ रुपये, आणि शेवटच्या हप्त्यातून तेवढे कमी पाठवले. हातात आलेलं व्याज ६८,६४४. या व्याजाची डेबिट नोट (जादा रकमेचं बिल) व्याज मिळालं त्या महिन्याची करा.

खर्च: वकिलाची नोटीस ३,५००, सीए २,०००, झेरॉक्स-बाइंडिंग १,१५०, पुण्याच्या तीन फेऱ्या ४,२००. एकूण १०,८५०. मोडलेले दिवस यात धरलेले नाहीत.

आता अर्ज करणाऱ्यांसाठी: २७ जून २०२५ ला केंद्राने ऑनलाइन तंटा निवारणाचं नवं पोर्टल सुरू केलंय, आमचं प्रकरण त्याच्या आधीचं, त्यामुळे त्याचा अनुभव नाही. खरेदीदाराची उलाढाल २५० कोटींच्या वर असेल तर त्याला ट्रेड्सवर, म्हणजे बिलांवर आधी पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन मंचावर, नोंदणी सक्तीची आहे. तिथे त्याने बिल स्वीकारलं की बँक आपल्याला आधी पैसे देते आणि मुदतीला त्याच्याकडून घेते. आमचा खरेदीदार तेवढा मोठा नव्हता.

आमच्या डिलिव्हरी चलनावर आता तीन रकाने छापून घेतलेत: घेणाऱ्याचं नाव, हुद्दा, शिक्का. खाली ‘वजन काट्याप्रमाणे, हरकत १५ दिवसांत लेखी’. ड्रायव्हरला सांगून ठेवलंय, रकाने भरल्याशिवाय गाडी रिकामी करायची नाही. एका साइटवर त्यावरून दोन तास गाडी उभी राहिली.

टीडीएसची ती ७,६२७ ची नोंद आमच्या २६एएस मध्ये (आयकर खात्याच्या पत्रकात) अजून आलेली नाही. मागच्या आठवड्यात फोन केला. अकाउंटंट म्हणाला, “या तिमाहीचं रिटर्न ३१ जानेवारीपर्यंत भरायचं असतं, साहेब. भरलं की दिसेल.”